आधी मोजणी, मग मात्रा

खेळाडूला दुखापत होऊ नये, झालीच तर ती लवकर ओळखता यावी, मैदानावरच पहिला उपचार मिळावा आणि तो पूर्ण बरा होऊनच पुन्हा उतरावा, या चार गोष्टींची काळजी वाहणारे शास्त्र म्हणजे क्रीडा-शुश्रूषा. अमेरिकेत हे काम करणाऱ्या ॲथलेटिक ट्रेनरांची राष्ट्रीय संघटना १९५० साली उभी राहिली आणि १९९० साली तिथल्या वैद्यकीय संघटनेने या पेशाला आरोग्यसेवेतला स्वतंत्र व्यवसाय म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे असे स्वतंत्र पद नाही. शाळा-महाविद्यालयात हे काम क्रीडाशिक्षकाच्या अंगावर पडते, तालमीत वस्ताद पाहतो, शहरात फिजिओथेरपिस्ट पाहतो, आणि खेड्यात पुष्कळदा मालिशवाला किंवा हाडवैद्य. एम.पी.एड.च्या आदर्श अभ्यासक्रमात मात्र ‘ॲथलेटिक केअर अँड रिहॅबिलिटेशन’ ही पत्रिका आहे, संशोधन पद्धतीची पत्रिका आहे, आणि लघुप्रबंधाचीही सोय आहे. म्हणजे १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या आणि आज नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांत पसरलेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात शारीरिक शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला या विषयात संशोधन करायला दार उघडे आहे. त्या दारातून आत जाताना हातात जो कागद लागतो, तो संशोधन आराखडा. हा आराखडा कसा असावा याविषयी माझे एक ठाम मत आहे आणि ही प्रस्तावना त्या मताच्या समर्थनासाठीच आहे. आपल्या भागातल्या आराखड्याने उपाय तपासण्याची घाई करू नये. त्याने आधी दुखापत मोजावी.

हे सांगावे लागते, कारण प्रचलित वळण नेमके उलटे आहे. अमुक जिल्ह्यातील कबड्डीपटूंच्या निवडक शारीरिक क्षमतांवर बारा आठवड्यांच्या अमुक प्रशिक्षणाचा परिणाम, अशा धर्तीचे शीर्षक शारीरिक शिक्षणात काम करणाऱ्या कुणालाही नवे नाही. तीस खेळाडूंचा प्रायोगिक गट, तिसांचा नियंत्रित गट, आधी चाचणी, नंतर चाचणी, ‘टी’ मूल्य, आणि परिकल्पना सिद्ध. यात लबाडी नसते. विद्यार्थी मन लावून काम करतो, उन्हातान्हात चाचण्या घेतो. अडचण प्रश्नातच असते. एका गटाकडून आठवड्यातून तीन दिवस उड्या मारून घेतल्या आणि दुसऱ्याला त्याच्या नेहमीच्या दिनक्रमावर सोडले, तर पहिला गट उंच उडी मारणार हे प्रयोगाआधीच ठाऊक असते. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे त्याला परिकल्पना म्हणण्यात अर्थ नाही. आणि त्या साठ मुलांपैकी किती जणांचा गुडघा त्या बारा आठवड्यांत सुजला, किती जणांनी मधूनच येणे सोडले, का सोडले, हे बहुतेक वेळा प्रबंधात उतरतच नाही. क्रीडा-शुश्रूषेच्या अभ्यासकाला हवी असलेली माहिती नेमकी तिथे, गळून गेलेल्यांच्या रकान्यात असते.

दुखापत-प्रतिबंधाच्या संशोधनाची पायऱ्यांची एक सरळ मांडणी डच संशोधक विलेम व्हॅन मेखेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली केली आणि ती आजही जगभर पायाभूत मानली जाते. आधी दुखापतीचा विस्तार आणि गांभीर्य ठरवा. मग ती कशामुळे आणि कशी होते ते शोधा. मग उपाय योजा. आणि मग पहिल्या पायरीवर परत जाऊन दुखापत खरेच घटली का ते पुन्हा मोजा. पहिली पायरी चढल्याशिवाय चौथी चढताच येत नाही, कारण घट दाखवायला आधीचा आकडा लागतो. आपले आराखडे बहुतेक वेळा थेट तिसऱ्या पायरीवर उभे राहतात.

मग मोजायचे कुणाला? नांदेड-लातूरपुरते माझे उत्तर आहे: पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना. २०२४ च्या भरतीत राज्यात १७ हजारांहून अधिक जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. सध्याच्या पद्धतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते: मुलांसाठी १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५, मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. मुलाने १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत संपवले तर पैकीच्या पैकी गुण, आणि त्यानंतर सेकंद वाढत जातील तसे गुण कमी. कोरडवाहू शेतीच्या या प्रदेशात त्या काही सेकंदांवर घरातली पहिली कायमची नोकरी अवलंबून असते. म्हणून तालुक्याच्या गावालगतच्या डांबरी रस्त्यावर, शाळेच्या मैदानावर, मुरमाच्या पांदीवर, पहाटे अंधारात ही मुले धावतात. कित्येकांनी त्याआधी कधी शिस्तीने धावणे केलेले नसते. जाहिरात निघाल्याची कुणकुण लागली की सराव एकदम दुप्पट होतो. बूट असतील ते, आहार घरात असेल तो. हाडावर आणि स्नायूंवर अचानक वाढलेला भार हे अतिवापराच्या दुखापतींमागचे मोठे कारण मानले जाते. ते कारण इतक्या मोठ्या संख्येने, इतक्या उघड्यावर क्वचितच पाहायला मिळते.

हे खेळाडू कुठे, हे तर नोकरीचे उमेदवार, असा आक्षेप यावर येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. क्रीडा-शुश्रूषेचा अभ्यास खेळाडूंवरच व्हावा, असे म्हणणाऱ्यांसमोर लातूरच्या कुस्तीचा वारसा असतो. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. लातूरच्याच काका पवारांना ग्रीको-रोमन कुस्तीसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यातल्या भाग्यश्री जाधव २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनाला भारताचा ध्वज घेऊन चालल्या. शेजारच्या बीडचा धावपटू अविनाश साबळे २०२५ च्या जुलैमध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पडला, गुडघ्याचे लिगामेंट फाटले, शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. या सगळ्यांच्या शरीराचा अभ्यास व्हावा यात वाद नाही. पण अशा उंचीवरचे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांच्याभोवती डॉक्टर, एमआरआय, तज्ज्ञ असे काही ना काही कवच उभे राहते. मुखेडला किंवा औशाला भरतीसाठी धावणाऱ्या मुलीभोवती ते नाही. शिवाय ठरलेले अंतर, ठरलेली वेळ, रोजचा सराव, स्पर्धा आणि हुकण्याची भीती हे सगळे तिच्या वाट्याला आहे. शरीराच्या दृष्टीने ती धावपटूच आहे. तालमीतला अभ्यास कुणाला करायचा असेल तर जरूर करावा. फक्त त्यानेही आधी मातीवर आणि मॅटवर किती कान फुटले, किती खांदे निखळले, किती गुडघे गेले याची हंगामभराची नोंद मांडावी.

मोजायचे ठरले की पहिली कसोटी व्याख्येची. आणि आराखडा इथेच तरतो किंवा बुडतो. भरतीच्या मुलांमध्ये ‘शीन पेन’ हा शब्द सर्रास चालतो. कुणी नडगी दुखते म्हणते, कुणी नळी भरली म्हणते. वैद्यकीय साहित्यात सैनिक आणि खेळाडूंमधले या दुखण्याचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ३५ टक्क्यांपर्यंत दिलेले आढळते. इतकी तफावत शरीरांमध्ये जेवढी असेल, तेवढीच ती मोजणाऱ्यांच्या व्याख्यांमध्येही आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन नौदलाच्या रंगरूटांवरील अभ्यासात दहा आठवड्यांच्या प्रशिक्षणात ३५ टक्के जणांना हा त्रास झाला, आणि स्त्रियांमधले प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट निघाले. त्या संशोधकांनी कुणाला मोजायचे ते आधी नेमके ठरवले होते. व्यायामामुळे येणारे, नडगीच्या हाडाच्या आतल्या मागच्या कडेचे दुखणे. आणि त्या कडेवरून अंगठा दाबत नेला असता किमान पाच सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्यात जाणवणारी वेदना. घोट्याच्या आतल्या उंचवट्यापासून अंगठा हळूहळू वर सरकवत जा, मुलगा कुठे पाय मागे ओढतो तिथे पेनाने खूण करा, कुठे शांत होतो तिथे दुसरी खूण करा, आणि दोन खुणांमधले अंतर पट्टीने मोजा. दुखणे एकाच टिचभर जागी एकवटले असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, त्या पायावर लंगडी घालता येत नसेल, तर प्रकरण वेगळे. तिथे हाडाला चीर गेल्याची शंका घ्यायची आणि मुलाला दवाखान्यात पाठवायचे. या तपासणीला यंत्र लागत नाही. शिकलेला अंगठा आणि पट्टी लागते, आणि दोन वेगवेगळ्या तपासनिसांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळतात की नाही हे आधी पडताळून पाहण्याची चिकाटी लागते. ही पडताळणी आराखड्यात लिहिलेली असलीच पाहिजे.

दुसरी व्याख्या आणखी अवघड. दुखापत म्हणजे काय? सांघिक खेळांतल्या अभ्यासांत पुष्कळदा अशी पद्धत असते की दुखण्यामुळे सराव किंवा सामना चुकला तरच ती दुखापत. भरतीच्या मुलांना ही पद्धत लावली तर आकडा खोटा येईल, कारण ही मुले सराव चुकवतच नाहीत. पट्टी बांधून, गोळी घेऊन, दात-ओठ खाऊन धावतात. सेकंदाला गुण असताना कोण थांबेल? नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१३ साली नेमक्या अशा सोसून नेण्याच्या दुखण्यांसाठी ओस्लो प्रश्नावली तयार केली. दर आठवड्याला चार प्रश्न: सहभाग किती कमी झाला, सराव किती घटला, कामगिरी किती ढासळली, वेदना किती. सराव चालू असला तरी त्रास नोंदला जातो, हा तिचा मोठा गुण. ती इथे वापरायची तर ती मराठवाड्यातल्या मुलाला समजेल अशा बोलीत उतरवावी लागेल, दुसऱ्याकडून उलट भाषांतर करून ताडून पाहावी लागेल, थोड्या मुलांवर आजमावावी लागेल. देगलूर-किनवटकडे तेलुगू आणि बंजारा बोलणारी मुलेही असणार. एम.पी.एड.च्या लघुप्रबंधाला एवढे एक काम पुरेसे आहे, आणि पुढच्या दहा संशोधकांना ते उपयोगी पडेल.

आता गणित. दुखापतींची नुसती संख्या निरुपयोगी असते. किती तास धावल्यावर किती दुखापती, हा दर लागतो. समजा, हजार तासांच्या सरावामागे पाच दुखापती होतात. तीस मुले बारा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज तासभर धावली तर २,१६० तास भरतात, आणि त्यात साधारण अकरा दुखापती होतील. दुसऱ्या तिसांना दिलेल्या व्यायामाने दुखापती खरोखरच एक तृतीयांशाने घटल्या असे धरले, तर त्यांच्यात सात होतील. अकरा आणि सात. हा फरक व्यायामाने पडला की योगायोगाने, हे जगातला कुठलाही संख्याशास्त्रज्ञ सांगू शकणार नाही. याउलट त्याच बारा आठवड्यांत सहा-सात भरती ॲकॅडम्यांमधल्या ३०० मुलांची नुसती नोंद ठेवली तर २१,६०० तास आणि सुमारे १०८ दुखापती हाती येतात. मग खरा दर हजारी चार ते सहाच्या आसपास आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. एकाच ॲकॅडमीतली मुले एकाच मैदानावर, एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली धावतात, त्यामुळे ती एकमेकांसारखी असतात आणि ही खात्री थोडी कमी होते. तो हिशेबही आराखड्यात दाखवावा. साठ मुलांवरचा उपाय आणि तीनशे मुलांची मोजणी यांना लागणारी मेहनत जवळपास सारखीच आहे. हाती पडणाऱ्या ज्ञानात मात्र मोठे अंतर आहे.

मार्गदर्शक आणि समिती यांच्याकडून इथे नेहमीची हरकत येते: नुसती मोजणी म्हणजे कारकुनी, त्यात संशोधन कुठे आहे? याला उत्तर म्हणून नॉर्वेचाच एक अभ्यास पुढे ठेवतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात १३ ते १७ वयाच्या १,८९२ फुटबॉलपटू मुलींवर एक ठरावीक वॉर्म-अप आजमावला गेला. तोच पुढे ‘फिफा ११+’ नावाने जगभर गेला. एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. पण पायाच्या दुखापती हे जे मुख्य माप संशोधकांनी आधी ठरवले होते, त्यावरचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरता उतरला नाही, आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे छापले. जवळजवळ दोन हजार खेळाडू घेऊनही इतके काठावरचे उत्तर येते. साठ खेळाडूंच्या जोरावर ‘परिणामकारक आढळले’ असे लिहिण्यापूर्वी आपण याचा विचार करायला हवा. आणि एवढा मोठा प्रयोग त्यांना आखता आला, कारण त्याआधी वर्षानुवर्षे कुणीतरी ती कारकुनी केली होती. मोजणीतही खरे संशोधन असते: मुली आणि मुले, डांबर आणि माती, पहिल्यांदा धावणारे आणि जुने, जाहिरातीआधीचे आठवडे आणि नंतरचे, यांच्या दरांची तुलना हा कारणांचा शोधच आहे. लातूरला तर हे नव्याने पटवावे लागू नये. ज्या शहराने दहावी-बारावीच्या प्रत्येक चाचणीचे गुण नोंदवून, तपासून, चुका शोधून ‘लातूर पॅटर्न’ उभा केला, त्याला नियमित नोंदीची ताकद ठाऊक आहे. भरती ॲकॅडम्यांतही १६०० मीटरच्या वेळेच्या वह्या असतात. त्याच वहीत वेळेशेजारी आणखी दोन रकाने आखायचे आहेत: आज किती धावला, आणि काय दुखते.

एक विषय मात्र असा आहे की तिथे फार थांबता येणार नाही, तो म्हणजे उष्णता. इथे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असतो. २०२४ च्या पोलीस भरतीत नवी मुंबईत धावताना एका उमेदवाराचा मृत्यू झाला. त्याच वर्षी झारखंडमध्ये उत्पादन शुल्क खात्याच्या भरतीत दहा किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक उमेदवार दगावले. प्रत्येक मृत्यूचे कारण वेगळे असू शकते, पण श्रमातून येणारा उष्माघात वेळीच ओळखला तर जीव वाचवता येतो हे पक्के झाले आहे. शरीराचे आतले तापमान ४० अंशांपुढे गेलेल्या, बरळू लागलेल्या धावपटूला आधी जागेवर थंड करायचे आणि मग दवाखान्यात न्यायचे, हा नियम आहे. त्यासाठी उत्तम साधन म्हणजे बर्फाच्या पाण्याने भरलेला टब. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तिथे प्रत्येक मैदानावर टब मागणे हा शहाणपणाचा आराखडा होणार नाही. परदेशात ताडपत्रीचा पर्याय तपासला गेला आहे: चौघांनी कडा धरून केलेल्या खोळीत धावपटूला झोपवायचे, थोडे थंड पाणी ओतायचे आणि ते अंगावरून हलवत राहायचे. सोयाबीनची बनीम झाकायला घेतलेली ताडपत्री या भागात घरोघर सापडते. मेच्या पहाटे आपल्या मैदानावर पाण्याचे तापमान किती असते, बर्फ किती वेळात पोचतो, प्रशिक्षकाला ही रीत किती तासांत शिकवता येते, हे प्रश्न निरोगी माणसांवर कोणताही धोका न पत्करता अभ्यासता येतात. आणि हवेचे मोजमाप करायचे तर नुसते तापमान पुरत नाही. आर्द्रता, ऊन आणि वारा धरणारा वेट बल्ब ग्लोब निर्देशांक मोजणारे उपकरण विद्यापीठाच्या विभागाला परवडण्यासारखे आहे.

मोजणीवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप नीतीचा आहे. समोर मुलगा लंगडतो आहे आणि संशोधक वहीत फुली मारून पुढे जातो, हे कसे चालेल? चालणार नाही. म्हणून कोणत्या लक्षणांवर नोंद थांबवून मुलाला तात्काळ डॉक्टरकडे पाठवायचे, हे आराखड्यात आधीच लिहिलेले असावे, आणि पाठवण्याची जागा नावानिशी ठरलेली असावी. नांदेडमध्ये हे फार सोपे आहे: विद्यापीठ आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय दोन्ही विष्णुपुरीलाच आहेत. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. शारीरिक शिक्षणाच्या आराखड्यात सहमार्गदर्शक म्हणून अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट असणे मी अत्यावश्यक मानतो. दोघांची विद्यापीठे वेगळी असल्याने कागदपत्रे वाढतील, तरीही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे नैतिकता समितीची मान्यता मागतात, आणि अठराच्या आतल्या मुलासाठी पालकांची संमती व त्याची स्वतःची तयारी असे दोन्ही मागतात. भरतीचे किमान वय अठरा असले तरी ॲकॅडमीत सोळा-सतरा वर्षांची मुले येतातच. शिवाय एक धोका इथला खास आहे. आपले दुखणे वहीत लिहिले गेले आणि ते पुढे भरतीच्या वैद्यकीय तपासणीत अंगावर आले तर, अशी भीती मुलाला वाटली की तो खोटे सांगणार. ‘बरे आहे, सर’ एवढेच उत्तर येईल. म्हणून नावांऐवजी क्रमांक, ॲकॅडमीच्या संचालकालाही न दिसणारी नोंद, आणि कोणत्याही भरती यंत्रणेला माहिती न देण्याची लेखी हमी, या गोष्टी आराखड्याच्या गाभ्यात याव्यात. त्या परिशिष्टात ढकलल्या तर आकडेच खोटे येतील.

वेळापत्रकाविषयी एक सूचना. भरतीची जाहिरात कधी येईल हे कुणाच्या हातात नसते. तारखा पुढे जातात. जो आराखडा एका भरतीच्या तारखेवर टांगलेला आहे तो कोसळू शकतो. सराव मात्र बाराही महिने चालतो, म्हणून नोंदीचा काळ सरावाला बांधावा आणि जाहिरात आली तर ती अभ्यासातली एक घटना म्हणून धरावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात. पहिल्या वर्षी प्रश्नावली आणि तपासणीची पडताळणी, मग दोन पूर्ण उन्हाळे आणि दोन पावसाळे नोंद, असे धरले तरी लिहायला वेळ उरतो. मंजूर आराखडे शोधगंगोत्रीवर आणि प्रबंध शोधगंगेवर खुले असतात. तिथे आपल्या विद्यापीठाचे शारीरिक शिक्षणातले आराखडे काढून, प्रत्येकात दुखापतीचा रकाना आहे का, गळून गेलेल्यांची संख्या दिली आहे का, एवढे दोन प्रश्न घेऊन वाचायला बसणे, हे विषय निवडण्याआधीचे विद्यार्थ्याचे पहिले काम. पुढची प्रकरणे ते वाचन झाले आहे असे धरून लिहिली आहेत.